सराफ्याची दुसरी पाळी

इंदूरच्या राजवाड्याजवळील सराफा बाजारात रोज रात्री आठ-साडेआठच्या सुमारास पाळी बदलते. दिवसभर सोन्याचांदीचा तोल सांभाळणारे मुनीम हिशेबाच्या वह्या मिटतात, दागिन्यांचे खोके तिजोरीत जातात, लोखंडी शटर खाली येते आणि दुकानापुढचा ओटा रिकामा होतो. तो रिकामा होण्याची वाट पाहत कोपऱ्यावर कोणीतरी शेगडी, कढई आणि पातेली घेऊन उभा असतोच. ओटा झाडला जातो, कढईखाली जाळ लागतो आणि दुपारी जिथे मंगळसूत्राची घडणावळ ठरत होती, तिथे तासाभरात भुट्ट्याचा कीस परतला जाऊ लागतो. ही दुसरी पाळी मध्यरात्र उलटून दीड-दोन वाजेपर्यंत चालते.

इंदूरहून परतलेला मनुष्य सराफ्याचे वर्णन करतो ते बहुधा जिभेने. कोवळ्या मक्याचा कीस तूप-दुधात शिजवून त्यावर लिंबू कसे पिळतात, हिवाळ्यात गराडूचे कंद तळून त्यावर जिरावण मसाला कसा भुरभुरतात, ताटाएवढा जलेबा तोलून कसा देतात, ‘जोशी दही बडा’च्या गादीवरून दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच भिरकावला तरी थेंब कसा सांडत नाही, हे सारे तो रंगवून सांगतो. ते खरेही असते. परंतु या सगळ्यापेक्षा नवलाची गोष्ट तेथील गर्दीत असते. रात्री बारा वाजता एका द्रोणाभोवती आजी, सून, शाळकरी नात आणि दुकान बंद करून आलेला मुलगा असे चौघे उभे राहून खात असतात. शेजारी महाविद्यालयीन मुलींचा घोळका असतो. पलीकडे कोणी वयस्कर गृहस्थ शटरला पाठ टेकवून ओळखीच्या माणसाशी महापालिकेच्या राजकारणावर बोलत असतात. मद्य विकले जात नाही. संगीताचा दणदणाट नसतो. बसायला खुर्चीही नसते. गोव्यात ‘नाइटलाइफ’ हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जातो, त्यातले जवळजवळ काहीच नसताना एक अख्खे शहर रात्री जागे असते, तेही घरच्या माणसांसह. हे कसे साधते, हा प्रश्न पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सहसा विचारला जात नाही.

त्याच्या उत्तराचा बराचसा भाग त्या ओट्यात आहे. माळव्यात त्याला ओटला म्हणतात. घराच्या किंवा दुकानाच्या दारापुढे, रस्त्यापेक्षा हात-दीड हात उंच बांधलेली ही जागा मालकीने घरधन्याची असते, वापराने मात्र ती अर्धी रस्त्याची असते. तेथे बसायला आमंत्रण लागत नाही आणि बसलेल्याला उठवणे शिष्टसंमत मानले जात नाही. गोमंतकीय वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. जुन्या हिंदू घराचा सोपा आणि ख्रिस्ती घराचे बाल्कांव यांचे कामही हेच. संध्याकाळी तेथे बसलेला मनुष्य घरात असतो आणि गावातही असतो. रस्त्याने जाणारा त्याला हाक मारून दोन शब्द बोलतो, पावाचा पोदेर थांबतो, कोणाच्या घरी कोण आले याची वार्ता मिळते. फरक इतकाच की गोव्याचे बाल्कांव संध्याकाळी दिवेलागणीनंतर हळूहळू ओस पडते, तर सराफ्याचा ओटला त्याच वेळी भरू लागतो.

हा ओटला खाद्यविक्रेत्यांना का मिळाला, याचे स्पष्टीकरण इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या एकच दिले जाते. सोन्याच्या पेढ्या रात्री ओस पडल्या तर चोराचे फावते. ओट्यावर खाणाऱ्यांची वर्दळ असली तर आपोआप राखण होते. विक्रेत्याला जागा मिळाली, सराफाला पहारा मिळाला, गावाला जागरणाचे निमित्त मिळाले. यात शहर नियोजनाचा आराखडा नव्हता, धोरणही नव्हते. दोन धंद्यांच्या वेळा एकमेकांत नीट बसल्या, एवढेच. एकच जागा दिवसात दोनदा वापरण्याची ही युक्ती आज जगभरचे नगररचनाकार मोठमोठ्या अहवालांतून सुचवीत असतात. सराफ्याने ती कागदाशिवाय केली.

इंदूर मुळात व्यापाऱ्यांचे शहर आहे. १८१८च्या मंदसोर तहानंतर ते होळकर संस्थानाची राजधानी झाले, आणि अफू व कापूस यांच्या व्यापाराने तेथे पैसा आला. सर सेठ हुकुमचंदांसारखे धनाढ्य याच पेठांतून वर आले. त्यांनी बांधलेले काचमंदिर सराफ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराला भोंग्याची सवय झाली. पाळ्यांत काम करणाऱ्या हजारो माणसांचा दिवस सूर्याप्रमाणे उगवत-मावळत नाही. रात्री सुटणाऱ्या कामगाराला भूक असते, सोबत असते आणि लगेच घरी जाण्याची घाई नसते. इंदूरच्या जागरणाची मुळे शोधायची तर सराफाच्या तिजोरीइतकेच गिरणीच्या भोंग्याकडेही लक्ष द्यावे लागते.

या गिरण्यांची एक खूण अजून दरवर्षी रस्त्यावर येते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गणपतीच्या चित्ररथांची मिरवणूक निघते, तिला तेथे ‘झांकी’ म्हणतात. हे चित्ररथ गिरणी कामगारांचे. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते आणि ती पाहण्यासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे रस्त्याच्या कडेला, ओटल्यांवर रात्रभर बसून राहतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकीत देण्याचा प्रश्न तीन दशके न्यायालयांत फिरत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपयांच्या रकमेने सुटला. तोवर अनेक हक्कदारांनी जगाचा निरोप घेतला होता. इतर गिरण्यांचीही चाके थांबली. पण झांक्या थांबल्या नाहीत. वर्गणी आणि सरकारी मदत गोळा करून, बंद गिरणीच्या नावाने, चित्ररथ निघतच राहिले. ज्या कारखान्यात आता कोणी पाळी करीत नाही, त्याच्या नावाची एक रात्रपाळी वर्षातून एकदा भरते. लोकोत्सव कशाच्या जोरावर टिकतो याचा विचार करणाऱ्याने ही मिरवणूक एकदा पाहावी.

मराठी वाचकाला इंदूर जवळचे वाटते ते होळकरांमुळे आणि तेथील मराठी वस्तीमुळे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. महाराष्ट्राबाहेरच्या शहराला हा मान सहज मिळत नाही. सकाळच्या न्याहारीतले पोहे मराठी घरांतूनच माळव्यात रुजले, असे तेथे मानतात. मात्र इंदूरने त्यांना आपली रीत शिकवली. पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवायचे, बडीशेप घालायची, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण पेरायचे आणि सोबत गरम जिलेबी द्यायची. पुण्याच्या माणसाला ही संगत चमत्कारिक वाटते, इंदुरी मराठी माणसाला तिच्याविना सकाळ अपुरी वाटते. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचेही तसेच. महाराष्ट्रात ती एकादशीला स्वयंपाकघरात होते; सराफ्यात ती उपवास असो-नसो, रात्री अकरा वाजता, मसाला आणि फराळी चिवडा घालून रस्त्यावर मिळते.

गोव्याशी असलेला धागा तर याच पेठांच्या परिसरातून जातो. मंगेशीहून निघालेले दीनानाथ मंगेशकर ‘बलवंत संगीत मंडळी’ घेऊन गावोगाव फिरत असत. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात झाला. नाटक मंडळ्यांचे दौरे त्या काळी जेथे मराठी प्रेक्षक आणि आश्रयदाते होते तेथे जात, आणि होळकरांची राजधानी अशा मुक्कामांपैकी होती. त्या नाटकांच्या वेळाही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. संगीत नाटक रात्री उशिरा सुरू होई आणि पदांना ‘वन्स मोअर’ मिळत गेला की पहाट होई. रात्र जागून काढणे ही त्या प्रेक्षकाच्या दृष्टीने चैन किंवा स्वैराचार नव्हता. ती सहकुटुंब करण्याची गोष्ट होती.

नेमके येथेच इंदूरचा अलीकडचा एक अनुभव बोलका ठरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने शहरातील बीआरटीएस मार्गालगतच्या सुमारे ११ किलोमीटरच्या पट्ट्यात दुकाने, उपाहारगृहे आणि कार्यालये चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्या शहरात येत होत्या. त्यांच्या कर्मचाऱ्यांना रात्री सोयी मिळाव्यात, शहराचे अर्थकारण वाढावे, हा हेतू सांगण्यात आला. हेतूत गैर काही नव्हते. पण थोड्याच काळात मद्यधुंद तरुणांच्या रस्त्यावरील हाणामाऱ्या, अमली पदार्थांच्या तक्रारी, रात्री-बेरात्री भरधाव गाड्या यांची चर्चा सुरू झाली. लोकप्रतिनिधींनीच विरोधाचा सूर लावला आणि जुलै २०२४ मध्ये ही मुभा मागे घेण्यात आली. पुढे २०२५ मध्ये तो बीआरटीएस मार्गही उखडण्यास सुरुवात झाली.

शहर तेच, माणसे तीच, पदार्थही थोड्याफार फरकाने तेच. मग एक रात्र शंभर वर्षांच्या सवयीसारखी अंगवळणी पडलेली आणि दुसरी दोन वर्षांत नकोशी का झाली? ‘संस्कृती बिघडली’ हे उत्तर सोपे आहे, आणि म्हणूनच अपुरे आहे. सराफ्याची गल्ली अरुंद आहे. तेथे गाडी घेऊन शिरता येत नाही, चालावे लागते. चालणाऱ्याला चालणाऱ्याचा चेहरा दिसतो. विक्रेता वर्षानुवर्षे त्याच ओट्यावर बसतो आणि गिऱ्हाईकाला नावाने नाहीतर ‘भिया’ म्हणून ओळखतो. आजूबाजूला आजी-आजोबा असतात, लेकरे असतात. त्यांच्या असण्यानेच वागण्याची एक मर्यादा आखली जाते, पोलिसाला ती आखावी लागत नाही. बीआरटीएसचा पट्टा रुंद, सरळ आणि वेगवान. तेथे थांबणारा प्रत्येक जण वाहनातून उतरलेला आणि पुन्हा वाहनात बसून निघून जाणारा. त्या रस्त्याला ओटला नव्हता, आणि रात्री कोणाचे आजोबाही तेथे नव्हते. दुकाने उघडी ठेवण्याचा आदेश काढता येतो, शेजार निर्माण करण्याचा काढता येत नाही.

गोव्याला हा फरक समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण गोव्याकडे दोन्ही प्रकारच्या रात्री आहेत. एक रात्र किनारपट्टीवरच्या क्लबांची, जिच्यावर रात्री दहानंतरच्या ध्वनिमर्यादेपासून परवान्यांपर्यंत वाद झडत असतात. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला, तेव्हा या रात्रीचा हिशेब किती महाग पडू शकतो हे राज्याने पाहिले. दुसरी रात्र जत्रेची. देवळाच्या प्रांगणात खाज्यांचे, चण्यांचे, बांगड्यांचे ठेले लागतात, पालखी फिरते, आणि मग गावच्याच मंडळींचे मराठी नाटक सुरू होते ते उजाडेपर्यंत. म्हातारी माणसे चटई पसरून बसतात, पोरे त्यांच्या मांडीवर झोपतात, तरुण मुले नाटकापेक्षा ठेल्यांपाशी अधिक रेंगाळतात. गोमंतकीय खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो ज्या रात्री विकला जातो त्या रात्रीला मिळण्याची सोय नाही. राज्याच्या ‘रात्रीच्या जीवना’ची चर्चा होते तेव्हा जत्रेचा उल्लेख कोणी करीत नाही. तो केला असता तर चर्चा ‘रात्र असावी की नसावी’ येथे अडकली नसती, ‘कोणती रात्र, कोणाच्या शेजारी’ येथवर गेली असती.

अर्थात सराफ्याची गोष्ट सुखान्त म्हणून सांगणे अप्रामाणिक ठरेल. गेल्या काही वर्षांत तो जुना सौदा विसकटत चालला आहे. सराफाला आता पहाऱ्यासाठी गर्दीची गरज उरलेली नाही. कॅमेरे आणि धोक्याच्या घंटा ते काम करतात. उलट गर्दीच धोक्याची वाटू लागली आहे. अरुंद गल्लीत, जुन्या इमारतींना खेटून, ओळीने गॅस सिलिंडर पेटलेले असतात आणि अग्निशमन बंबाला आत शिरायला वाट नसते. जुन्या विक्रेत्यांच्या जोडीला मोमो आणि नूडल्सचे ठेले वाढले. ज्यांचा ओट्याशी वा ओट्याच्या मालकाशी काही संबंध नाही असे विक्रेते रस्त्याच्या मधोमध गाड्या लावू लागले. सराफांच्या संघटनेने चौपाटी अन्यत्र हलवावी, असा आग्रह धरला आणि २०२५ मध्ये तो बराच तापला. महापालिकेने पारंपरिक पदार्थांच्या जुन्या दुकानांना ठेवून बाकीच्यांना हटवण्याची भूमिका घेतली. ‘पारंपरिक’ कशाला म्हणायचे, हा वाद अर्थातच त्यातून निघाला. ताटाएवढा जलेबा परंपरेत बसतो. खोबऱ्याचे पॅटिसही आता बसते, जरी बटाटा आणि ‘पॅटिस’ हा शब्द दोन्ही बाहेरून आलेले आहेत. मोमोला तेवढा काळ मिळालेला नाही.

सराफांची बाजू खोटी नाही. आगीची भीती ज्याला वाटते त्याचे दुकान तेथे आहे, हौशी प्रवाशाचे नाही. परंतु चौपाटी उचलून एखाद्या प्रशस्त मैदानात नेली की पदार्थ तेच राहतील आणि ओटला जाईल. असा प्रशस्त पर्याय इंदुरात आहेही. ‘छप्पन दुकान’ हा परिसर २०२० मध्ये ५६ दिवसांत नव्याने घडवण्यात आला, वाहने बाहेर ठेवून पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला, आणि तो खरोखर नेटका व स्वच्छ आहे. तेथे लोक खातात, छायाचित्रे काढतात आणि जातात. त्याची तुलना सराफ्याशी करणे हे बाजारपेठेच्या नव्या संकुलाची तुलना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराशी करण्यासारखे आहे.

गर्दीचे स्वरूपही पालटले आहे, आणि हा बदल कोणत्याही आदेशाने थांबणारा नाही. द्रोण हवेत उडाला की पूर्वी गिऱ्हाईक हसून हात पुढे करीत असे. आता आधी मोबाइल पुढे येतो, आणि चित्रण नीट झाले नाही तर द्रोण पुन्हा उडवण्याची विनंती होते. दुरून आलेला मनुष्य तासाभरात दहा पदार्थांची यादी पूर्ण करण्याच्या घाईत असतो. ज्याच्या शेजारी तो उभा आहे त्याच्याशी बोलायला त्याला सवड नसते. त्याला दोष द्यावा असेही नाही, कारण त्याच्या पैशावरच कित्येक ठेले आज चालतात. पण शटरला पाठ टेकवून राजकारणावर बोलणाऱ्या त्या गृहस्थांना उभे राहायला जागा कमी पडू लागली आहे, आणि त्यांच्यासारखे नेहमीचे लोक शनिवार-रविवारी सराफ्यात जाणे टाळतात, असे इंदूरकर बोलून दाखवतात.

या शहराला २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा पहिला क्रमांक मिळाला. त्या लौकिकावरही डिसेंबर २०२५च्या अखेरीस मोठा डाग पडला. भागीरथपुरा या वस्तीत दूषित पाण्यामुळे रहिवाशांचे बळी गेले. रस्त्याची स्वच्छता आणि रस्त्याखालच्या नळांची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तरी जे रस्त्यावर दिसते ते खोटे नव्हे. सराफ्यात रात्री दोननंतर शेगड्या विझतात, द्रोण आणि कागद गोळा होतात, सफाईचे पथक येते. थोड्याच वेळाने, शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोणीतरी पोह्यांसाठी पाण्याचे पातेले चुलीवर चढवलेले असते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास सराफाचा नोकर येतो. शटर उघडण्यापूर्वी तो ओट्यावर बादलीभर पाणी ओततो आणि कढईच्या जागी उरलेला तेलकट डाग खराट्याने घासू लागतो. तो डाग कोणी घासायचा, रात्रीच्याने की सकाळच्याने, यावरूनही तेथे कुरबुर चालू असते.